स्पीकरमध्ये घूं, स्क्रोल केलं की चिर्र, रेकॉर्डिंगमध्ये फसफस

मंद्र_निषाद

जाणकारांकडून मार्गदर्शन हवं आहे. जोडणी अशी: वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप, त्याला यूएसबीवर चालणारा दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारं बाहेरचं साउंड कार्ड), इंटरफेसच्या मागच्या पाव इंची आउटपुटमधून दोन ॲक्टिव्ह स्पीकर. स्पीकरना आपापल्या थ्री-पिन वायरी आहेत आणि ते खोलीतल्या दुसऱ्या सॉकेटवर आहेत. मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला. माइक डायनॅमिक, एक्सएलआर केबलवर.

तक्रारी तीन. स्पीकरमधून सतत घूंsss येतं, इंटरफेसचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढंच. माउसने पान सरकवलं किंवा गेम सुरू केला की त्यावर चिर्र-चिर्र, गुंई-गुंई असा बारीक आवाज चढतो. आणि माइकवर रेकॉर्ड केलं की मागे फसफस.

शोधाशोध केली तर कुणी फेराइट (केबलवर चढवायचं चुंबकीय कडं) लावा म्हणतं, कुणी आयसोलेटर (दोन यंत्रांमधली ग्राउंडची जोडणी तोडणारी डबी), कुणी तर थ्री-पिनमधली मोठी पिनच काढा म्हणतं. आधी काय तपासू आणि काय विकत घेऊ नको?

सोल्डरगन

पिन काढायची नाही. बाकीची चर्चा त्यानंतर.

मोठी पिन म्हणजे अर्थिंग. स्पीकरच्या आत फेजची तार सुटून मागच्या धातूच्या पत्र्याला टेकली, तर करंट त्या पिनेवाटे निघून जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन नसेल तर पत्रा मेन्सच्या पूर्ण व्होल्टेजवर तसाच उभा राहतो. मग करंट जायला वाट शोधतो: ऑडिओ केबलमधली तारांची जाळी (शील्ड), तिथून इंटरफेस, तिथून कॉम्प्युटर. आणि केबल काढलेली असेल तर तुमचा हात. पिन काढल्यावर घूं थांबतं, हे खरं आहे. म्हणूनच हा सल्ला मरत नाही.

तारेवरची_कसरत

विकत घेण्याआधी फक्त केबल काढून-लावून बघायचं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बदलली पाहिजे.

स्पीकर चालू, इनपुटला काहीही जोडलेलं नाही. तरी घूं येतंय? मग दोष स्पीकरच्या आत आहे: पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर थकलेत किंवा ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र ॲम्प्लिफायरच्या बोर्डात शिरतंय. कान ट्वीटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) लावल्यावर येणारी मंद फसफस मात्र दोष नव्हे, ती कुठल्याही ॲक्टिव्ह स्पीकरला असते.

शांत असेल तर केबल स्पीकरला लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा. इथे बरेच जण फसतात. मोकळं टोक अँटेनासारखं वागतं, घूं वाढतं आणि माणूस म्हणतो "केबलच खराब". मोकळ्या बाजूच्या प्लगचं टोक (टिप) आणि देठ (स्लीव्ह) तारेने शॉर्ट करा, प्लगवर तीन भाग असतील तर तिन्ही एकत्र. आता आवाज आला तरच केबलवर संशय घ्या.

पुढे केबल इंटरफेसला लावा, पण इंटरफेसची यूएसबी काढलेली. मग तीच यूएसबी बॅटरीवर चाललेल्या लॅपटॉपला: चार्जर नाही, एचडीएमआय नाही, लॅन नाही. इथपर्यंत शांतता असेल आणि डेस्कटॉपला जोडताच घूं परतलं, तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून आणि ऑडिओ केबलमधून बनलेलं वर्तुळ. मग डेस्कटॉपचा एचडीएमआय काढून बघा, मॉनिटरचा प्लग काढून बघा.

एक खबरदारी. स्पीकरचा व्हॉल्यूम पूर्ण खाली आणल्याशिवाय प्लग काढू-घालू नका. पाव इंची प्लग आत जाताना क्षणभर आतले संपर्क जोडतो आणि त्या धडाक्याने ट्वीटर जाऊ शकतो.

रोहित्र

एक धागा तुमच्या पोस्टमध्येच आहे: "इंटरफेसचा व्हॉल्यूम शून्यावर तरी तेवढंच." म्हणजे आवाज व्हॉल्यूमच्या नॉबनंतर शिरतोय. ड्रायव्हर, सेटिंग्ज, विंडोज, सगळं त्या नॉबच्या आधी आहे. ते निर्दोष. उरतात केबल, स्पीकर आणि त्यांच्यामधलं ग्राउंड.

लूप कसा होतो ते आकड्यांत बघा. कॉम्प्युटरचं कॅबिनेट त्याच्या प्लगमधून अर्थला जोडलेलं. स्पीकरचा पत्रा त्याच्या प्लगमधून अर्थला जोडलेला. दोन सॉकेट वेगळ्या वायरिंगवर, त्यामुळे दोन्हीकडचं अर्थ अगदी एकाच पातळीवर नसतं, काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. आता ऑडिओ केबलच्या जाळीने दोन्ही टोकं जोडली की वर्तुळ पूर्ण होतं आणि जाळीतून मेन्सचा करंट फिरतो. जाळीचा रोध ०.१ ओहम आणि करंट १० मिलिअँपिअर धरला, तर जाळीच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्ट. साध्या अनबॅलन्स्ड जोडणीत (सिग्नलची एकच तार आणि जाळी) स्पीकर सिग्नल मोजतो तो जाळीच्याच संदर्भाने, म्हणून हा १ मिलिव्होल्ट त्याला सिग्नलच वाटतो. घरगुती लाइन लेव्हल, म्हणजे उणे १० डीबीव्ही, सुमारे ३१६ मिलिव्होल्ट. फरक फक्त ५० डेसिबलचा. शांत खोलीत हे स्पष्ट ऐकू येणार.

दुसरी तक्रारही याच वर्तुळाची. पान सरकवलं की ग्राफिक्स कार्डचा वीजवापर क्षणाक्षणाला वरखाली होतो. एवढा करंट मदरबोर्डच्या ग्राउंडमधून परतताना तिथे लहानसा व्होल्टेज पडतो आणि त्यातला काही भाग यूएसबीच्या ग्राउंडवरून इंटरफेसमध्ये, तिथून ऑडिओ केबलच्या जाळीवरून स्पीकरच्या अर्थला पोहोचतो. म्हणून चिर्र माउसच्या तालावर नाचते. तुमच्या पहिल्या दोन तक्रारी म्हणजे एकच रोग आहे. तिसरी वेगळी.

उपाय स्वस्तापासून:

सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. स्पीकर, कॉम्प्युटर, मॉनिटर. अर्थमधला फरक जवळजवळ संपतो. मेन्सचं घूं पुष्कळ कमी होईल, चिर्र बहुधा उरेल, कारण ती कॉम्प्युटरच्या आतून येते. बोर्डाच्या अँपिअरची मर्यादा मात्र बघून घ्या.

मग प्लग बघा. पाव इंची प्लगवर काळी रिंग एक आहे की दोन? एक असेल तर केबल अनबॅलन्स्ड. दोन असतील तर बॅलन्स्ड. तुमचा इंटरफेस आणि स्पीकर दोन्हीकडे बॅलन्स्ड सॉकेट असण्याची शक्यता मोठी आहे, मॅन्युअलमध्ये खात्री करा. बॅलन्स्ड इनपुट दोन आतल्या तारांमधला फरक घेतं आणि दोघींवर सारखाच आलेला गोंगाट वजा करतं. साध्या इनपुटमध्येही ही वजाबाकी ४० डेसिबलच्या आसपास होते, म्हणजे गोंगाट शंभरावा भाग उरतो.

एवढ्याने भागलं नाही तरच ट्रान्सफॉर्मर किंवा यूएसबी आयसोलेटर.

अर्धमात्रा

"सगळं एकाच बोर्डवर" याला +१. फुकटचा उपाय, आणि नेमका तोच सगळ्यात शेवटी करून बघतात.

रिकामा_स्लॉट

मध्येच विचारतो. माझ्याकडे इंटरफेस नाही. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून साडेतीन एमएमची केबल थेट स्पीकरला. चार्जर लावला की घूं, काढला की शांत. जॅक तर बॅलन्स्ड नसतो. मग काय करायचं?

रोहित्र

चार्जरचा प्लग दोन पिनचा आहे की तीन, यावर कारण ठरतं.

तीन पिन असतील तर बहुतेक चार्जरमध्ये डीसीची उणे बाजू अर्थशी जोडलेली असते. मग वर सांगितला तोच लूप.

दोन पिन असतील तर लूप नाही, गळती आहे. स्विचिंग सप्लायमध्ये मेन्सची बाजू आणि डीसीची बाजू यांच्यामध्ये एक छोटा वाय-कपॅसिटर असतो, रेडिओ लहरींचा त्रास दाबण्यासाठी. त्यातून थोडासा करंट पलीकडे येतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हलकं बोट फिरवल्यावर झिणझिण्या जाणवतात त्या याच. हा करंट अर्थकडे जाणार, आणि तुमच्या जोडणीत अर्थकडे जाणारी एकमेव वाट म्हणजे ऑडिओ केबलची जाळी. लॅपटॉपचा पत्रा बोटाने धरल्यावर आवाज बदलत असेल तर हेच निदान.

दोन्हींवर उपाय एकच: केबलच्या मध्ये १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. "ग्राउंड लूप आयसोलेटर" नावाने मिळते ती डबी म्हणजे आत असे दोन ट्रान्सफॉर्मर, डावा आणि उजवा. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून जातो, जाळी तुटते.

सोल्डरगन

त्या डब्यांबद्दल पुरवणी. फार लहान डबी असेल तर आतला गाभाही लहान, आणि तो खर्जाला लवकर भरून जातो (सॅच्युरेट होतो). मोठ्या आवाजात ५० हर्ट्झच्या खालचा बेस फाटका येतो किंवा पातळ होतो. उपाय म्हणून डबीला जाणारा सिग्नल थोडा कमी ठेवा आणि स्पीकरवर वाढवा. निवडताना ६०० ओहम की १० किलो-ओहमचा ट्रान्सफॉर्मर ते बघा. लाइन आउट अशक्त असेल तर १० किलोचा बरा.

ही डबी कुठे लावायची नाही: ॲम्प्लिफायर ते स्पीकरच्या तारेत कधीच नाही. ४८ व्होल्ट फँटम (माइकच्याच केबलमधून जाणारा वीजपुरवठा) लागणाऱ्या माइकच्या वाटेतही नाही, डीसी ट्रान्सफॉर्मरमधून जातच नाही.

लॅपटॉपकडून बॅलन्स्ड इनपुटच्या स्पीकरला जायचं असेल तर आणखी एक युक्ती आहे, ट्रान्सफॉर्मरशिवाय. दोन आतल्या तारा आणि जाळी अशी केबल घ्या. लॅपटॉपकडे एक तार टोकाला, दुसरी देठाला. स्पीकरकडे पहिली टोकाला, दुसरी मधल्या धातूच्या रिंगला (दोन काळ्या रिंगांमधला भाग). जाळी फक्त स्पीकरकडे देठाला जोडा, लॅपटॉपकडे मोकळी कापून इन्सुलेट करा. आता स्पीकर लॅपटॉपचं ग्राउंड वेगळ्या तारेने मोजतो आणि वजा करतो. सोल्डर करता येत असेल तर काम झालं.

मंद्र_निषाद

तपासलं. स्पीकर एकटा शांत. शॉर्ट केलेल्या केबलसह शांत. बॅटरीवरच्या लॅपटॉपला शांत. डेस्कटॉपला जोडताच दोन्ही आवाज. केबलच्या प्लगवर रिंग एकच निघाली! मागे दोन्हीकडे "बॅलन्स्ड" असं स्पष्ट लिहिलं आहे.

तोवर सगळं एका बोर्डवर आणलं आहे. घूं बरंच उतरलं, चिर्र तशीच. अगदी सांगितल्याप्रमाणे. दोन रिंगवाल्या केबल मागवल्या आहेत.

दरम्यान यूएसबी आयसोलेटर घेऊन ठेवू का?

तारेवरची_कसरत

थांबा. आयसोलेटर घेताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात आणि दोन्ही ठिकाणी चुकण्याची सोय आहे.

वेग. स्वस्त आयसोलेटरमध्ये एडीयूएम४१६० किंवा ३१६० ही चिप असते आणि ती १२ मेगाबिटच्या फुल-स्पीडपर्यंतच जाते. यूएसबी ऑडिओ क्लास १ चं (यूएसबी ऑडिओचं जुनं, साधं मानक) यंत्र त्यावर चालतं, एका दिशेला दोन चॅनल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत. पण इंटरफेसला ४८० मेगाबिटचा हाय-स्पीड लागत असेल तर तो ओळखलाच जात नाही, किंवा कमी सोयींसह उघडतो. हाय-स्पीडसाठी एडीयूएम४१६५ किंवा ४१६६ असलेला घ्यावा लागतो, आणि तो महाग असतो.

वीज. आयसोलेटरच्या आत ५ व्होल्टचा स्वतंत्र छोटा कन्व्हर्टर असतो. १ वॉटचा असेल तर २०० मिलिअँपिअर, बस. यूएसबीवरच चालणारे इंटरफेस ५०० मिलिअँपिअरपर्यंत मागतात, फँटम चालू केला की जास्तच. मग यंत्र मध्येच बंद पडून परत चालू होतं.

आणि पॉवर्ड हब म्हणजे आयसोलेटर नव्हे. हबमध्ये दोन्ही बाजूंचं ग्राउंड एकच असतं. यूएसबी केबलमधली ५ व्होल्टची तार कापायचा सल्लाही फिरत असतो, त्यानेही लूप सुटत नाही. लूप ग्राउंडच्या तारेत आहे.

इंटरफेसला ऑप्टिकल आउट असेल आणि पुढच्या यंत्राला ऑप्टिकल इन, तर तो सगळ्यात सोपा आयसोलेटर. प्रकाशाला अर्थिंग लागत नाही.

बिनतारी_संदेश

आवाज कानाने ओळखण्यापेक्षा मोजलेला बरा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये त्रासाच्या वेळी १० सेकंद रेकॉर्ड करा (स्पीकरचा आवाज असेल तर माइक स्पीकरसमोर धरून), सगळं निवडा, ॲनलाइझ मेनूत प्लॉट स्पेक्ट्रम. आकार ६५५३६, विंडो हॅन. ४८००० च्या सॅम्पल रेटला प्रत्येक पट्टी ०.७३ हर्ट्झची पडते, म्हणजे शिखर नेमकं कुठे आहे ते कळतं. १०२४ वर ठेवलंत तर पट्टी ४७ हर्ट्झची होते आणि ५० व १०० ओळखू येत नाहीत.

वाचायचं असं. शिखर ५० वर, सोबत १५०, २५०: मेन्सचा करंट जाळीतून, किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र. केबल हलवली, यंत्र फिरवलं की कमीजास्त होत असेल तर क्षेत्र, नसेल होत तर लूप. शिखर १००, २००, ३०० वर: रेक्टिफायरनंतरची रिपल (एसीचं डीसी करताना उरलेली लाट), म्हणजे एखाद्या यंत्राचा सप्लाय किंवा त्याचा कपॅसिटर. जिथे मेन्स ६० हर्ट्झचा तिथे ६० आणि १२० धरा. दातेरी फणीसारखी ओळ थेट काही किलोहर्ट्झपर्यंत गेली असेल तर दिव्याचा डिमर तपासा.

१००० वर सुई, पुढे २०००, ३०००: यूएसबी. फुल-स्पीडमध्ये दर मिलिसेकंदाला एक फ्रेम सुटते, म्हणून १ किलोहर्ट्झ. हाय-स्पीडमध्ये मायक्रोफ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची, म्हणून ८ किलोहर्ट्झ. हा आवाज यूएसबीच्या वीजपुरवठ्यातून किंवा ग्राउंडमधून येतो. दुसरा पोर्ट, शक्यतो मदरबोर्डवरचा मागचा, वापरून बघा.

२१७ च्या आसपास, तुटक टर्रटर्र, तीही थोड्या थोड्या वेळाने: जीएसएम मोबाइल. फोन केबलपासून दूर ठेवा.

कुठेच शिखर नाही, सपाट पसरलेली फसफस: गेनचा, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवावा लागतो त्याचा प्रश्न.

अर्धमात्रा

मग फेराइट कशासाठी?

बिनतारी_संदेश

रेडिओ लहरींसाठी. केबलमधून एखादं स्टेशन बारीक ऐकू येत असेल, किंवा शेजारचा ट्रान्समीटर बोलू लागला की टर्रटर्र होत असेल, तर फेराइट. ५० हर्ट्झला ते असून नसल्यासारखं. फेराइटच्या प्रकारांपैकी मिश्रण ३१ हे १ ते ३०० मेगाहर्ट्झसाठी चालतं. एकदा अडकवण्यापेक्षा केबलचे वेढे घाला: रोध वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, तीन वेढ्यांना साधारण नऊपट. केबलच्या त्या टोकाला लावा जिथे त्रास आत शिरतो, म्हणजे सहसा इनपुटच्या अगदी जवळ.

वायरलेस हेडसेट तुटत असेल तर तिथे फेराइट शोधत बसू नका. यूएसबी ३ च्या पोर्टमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, आणि हेडसेटचा डोंगल (यूएसबीत खोचायचा रिसीव्हर) नेमका त्याच पोर्टच्या शेजारी खोचलेला असतो. एक मीटरच्या यूएसबी २ एक्स्टेन्शनवर डोंगल टेबलावर आणा.

मंद्र_निषाद

केबल आल्या. घूं गेलं. चिर्र फक्त कान ट्वीटरला टेकवला तरच, तीही गेम चालू असताना. एवढं चालेल. आयसोलेटर घेत नाही.

आता माइकची फसफस. गेनचा नॉब जवळजवळ शेवटपर्यंत न्यावा लागतो. माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचा बूस्टर (सिग्नल वाढवणारी डबी) घ्यावा का?

खालचा_सा

आधी अंतर. माइक तोंडापासून २० सेंटीमीटरवर असेल तर १० वर आणा, आवाज ६ डेसिबल वाढतो आणि गेन तेवढा खाली येतो. ५ वर आणला तर आणखी ६. बूस्टर विकत घेण्याआधी १२ डेसिबल फुकट मिळतात. थोडा कोनात धरा, नाहीतर प-फ-ब चे फटके बसतील. जवळ आल्यावर खर्जही फुगतो, तो ८० हर्ट्झच्या हाय-पासने (त्याखालचं गाळणारा फिल्टर) कापा.

डायनॅमिक माइक मुळात भुकेले असतात. शुअर एसएम७बी ची संवेदनशीलता उणे ५९ डीबीव्ही प्रति पास्कल, म्हणजे १.१२ मिलिव्होल्ट, आणि त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. एवढ्या गेनला प्रीॲम्पची (इंटरफेसमधला माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) स्वतःची फसफस ऐकू येते. १५० ओहमच्या स्रोताची नुसती उष्णतेची फसफस उणे १३१ डीबीयू असते, त्याखाली कुणीच जाऊ शकत नाही. चांगला प्रीॲम्प उणे १२८ च्या आसपास. तुमच्या इंटरफेसच्या मॅन्युअलमध्ये ईआयएन (प्रीॲम्पची स्वतःची फसफस किती ते सांगणारा) नावाचा आकडा बघा. तो उणे १२७-१२८ असेल तर बूस्टरने फार तर दोन-तीन डेसिबल सुधारणार. उणे ११५-१२० असेल तर फरक लगेच कळेल. बूस्टरला ४८ व्होल्ट फँटम लागतो, तो स्वतः २५ डेसिबलच्या आसपास देतो.

फसफस प्रीॲम्पची की खोलीची, हे ठरवायची सोपी परीक्षा: एक्सएलआर प्लगच्या पिन २ आणि ३ मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर, पिन १ प्लगच्या धातूच्या कवचाला. फँटम बंद. त्याच गेनवर रेकॉर्ड करा. माइक लावल्यावर होती तेवढीच फसफस आली तर प्रीॲम्प. बरीच कमी झाली तर तो पंखा आहे, आणि पंख्यावर बूस्टर चालत नाही.

बोलतानाची शिखरं उणे १२ डीबीएफएसच्या आसपास ठेवा (० म्हणजे आवाज फाटण्याची मर्यादा). २४ बिटमध्ये वर भरपूर जागा सोडता येते, उणे ३ पर्यंत ओढायची गरज नाही.

रिकामा_स्लॉट

आणि ज्यांच्याकडे इंटरफेस नाही, गुलाबी जॅकमध्ये साधा माइक लावतात, त्यांनी?

खालचा_सा

विंडोजमध्ये रेकॉर्डिंग डिव्हाइसच्या लेव्हल्सच्या पानावर मायक्रोफोन बूस्ट असतो: ०, १०, २०, ३० डेसिबल. ३० वर ठेवून स्लायडर २० टक्क्यांवर, अशी उलटी रचना सर्रास दिसते. बूस्ट ० किंवा १०, स्लायडर वर.

त्याच जॅकमधून माइकला २ ते २.५ व्होल्टचा पुरवठा जातो. तो मदरबोर्डवरूनच येतो आणि त्यावर आतली खरखर स्वार असते. सेटिंगने ती जात नाही. पुढच्या पॅनेलऐवजी मागचा जॅक वापरा, कारण पुढच्या जॅकची तार कॅबिनेटभर, ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून फिरलेली असते. तरीही नाही गेली तर साधं यूएसबी साउंड कार्ड.

प्लेबॅक डिव्हाइसच्या लेव्हल्समध्ये माइक किंवा लाइन-इनची पट्टी असेल तर ती म्यूट करा. "लिसन टू धिस डिव्हाइस" ची खूणही काढा. हेडफोनमधली गूढ खरखर पुष्कळदा तिथूनच येते.

तिरकी_मात्रा

इथे सगळे सतत येणाऱ्या आवाजाबद्दल बोलताहेत. माझ्याकडे शांतता असते आणि मध्येच टक्, चर्र, टक्. केबल बदलली, बोर्ड बदलला. काही फरक नाही.

तारेवरची_कसरत

तो रोग तारांचा नाहीच. बफर, म्हणजे आवाजाचे पुढचे तुकडे साठवून ठेवणारी जागा, रिकामा पडतोय. साउंड कार्ड ठरलेल्या वेळी पुढचे सॅम्पल मागतं, कॉम्प्युटर उशीर करतो, भोक पडतं, टक् होतं.

बफर २५६ सॅम्पल आणि रेट ४८००० असेल तर कॉम्प्युटरकडे ५.३ मिलिसेकंद असतात. १२८ ला २.७. नुसतं ऐकायचं असेल तर ५१२ किंवा १०२४ ठेवा, लहान बफर फक्त थेट वाजवताना लागतो. ते करून टक् थांबलं तर निदान पक्कं.

थांबलं नाही तर विंडोजमध्ये लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर उशीर करतो ते दाखवणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालू ठेवा आणि ड्रायव्हर्सच्या पानावर सगळ्यात जास्त वेळ खाणारा बघा. नेहमीचे संशयित वाय-फाय, ग्राफिक्स आणि एसीपीआय (वीज व्यवस्थापनाचा ड्रायव्हर). वाय-फाय बंद करून टक् गेलं तर त्याचा ड्रायव्हर बदला. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद.

टक् नियमित अंतराने येतं का, ते घड्याळ लावून बघा. माइक एका यंत्रावर आणि स्पीकर दुसऱ्यावर असतील तर दोघांची आतली घड्याळं किंचित वेगळी चालतात. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक म्हणजे ४८००० ला सेकंदाला २.४ सॅम्पल, आणि २५६ चा बफर १०७ सेकंदांत संपतो. पावणेदोन मिनिटांनी एक टक्, घड्याळासारखं. दोन्ही कामं एकाच यंत्रावर आणा. मॅकवर ॲग्रिगेट डिव्हाइस (दोन यंत्रं जोडून केलेलं एक) केलं असेल तर ड्रिफ्ट करेक्शनची खूण करा.

सोल्डरगन

लिनक्सवाल्यांसाठी: गाणं सुरू होताना आणि संपल्यावर काही सेकंदांनी टप्प असा एकच ठोका येत असेल तर तो कोडेक (मदरबोर्डवरची ऑडिओ चिप) झोपण्या-उठण्याचा. इंटेल एचडीए ड्रायव्हरच्या मॉड्यूलला पॉवर-सेव्हचा पर्याय असतो, तो शून्य करा. लॅपटॉपची वीज वाचवणारा वेगळा प्रोग्राम असेल तर तो हा आकडा परत बदलतो, तिथेही शून्य करा.

आणि जॅक फिरवल्यावर कर्रकर्र होत असेल तर वरचं काहीही नको. सॉकेट मळलंय. आयसोप्रोपाइल अल्कोहोल प्लगला लावून दहा-बारा वेळा आत-बाहेर, मशीन बंद असताना. गाण्यातला गायक गायब होऊन नुसती वाद्यं पोकळ ऐकू येत असतील तर प्लग अर्धवट बसलाय: ग्राउंड सुटलं की दोन चॅनलमधला फरक तेवढा उरतो आणि मध्यभागी ठेवलेला आवाज वजा होतो.

मंद्र_निषाद

माइक १० सेंटीमीटरवर आणला, नॉब बराच खाली आला, फसफस आता ऐकणाऱ्याला जाणवणार नाही इतकी. फक्त एक उरलंय. गेम चालू असताना रेकॉर्डिंगमध्ये बारीक किर्रर्र येते. स्पीकर बंद, त्यांच्या केबलही काढलेल्या, तरी येते.

रोहित्र

मग ती तारेतून येत नाही, हवेतून येते. कॅबिनेटचं झाकण काढून कान जवळ न्या, ग्राफिक्स कार्डाच्या कॉइलच किरकिरत असणार. करंटच्या झटक्यांनी तारेचे वेढे प्रत्यक्ष थरथरतात. पॉवर सप्लायच्या कॉइलही करतात. गेममध्ये फ्रेम रेटला मर्यादा घाला, मेनूच्या स्क्रीनवर कार्ड शेकडो फ्रेम काढत असतं तेव्हा ती सगळ्यात जास्त असते.

खालचा_सा

आणि कॅबिनेट माइकच्या पाठीमागे येईल असं ठेवा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक बरोबर मागून, १८० अंशांवर, सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड असेल तर त्याच्या बहिऱ्या जागा मागे दोन बाजूंना, १२६ अंशांच्या आसपास असतात, मग कॅबिनेट नेमकं मागे न ठेवता तिरकं सरकवा. पॅटर्न कुठला ते माइकच्या खोक्यावरच्या चित्रात दिसेल.